‘ओरिएंट’ : दिशा आणि अधिष्ठान

इंग्रजीतील ‘ओरिएंट’ हा शब्द ‘उगवणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूपासून आला आहे. चौदाव्या शतकात तो इंग्रजीत आढळतो तेव्हा उगवतीची दिशा आणि त्या दिशेचे देश हे दोन्ही अर्थ त्यात सामावलेले दिसतात. दिशा निश्चित करणे, या अर्थाचे क्रियापद फ्रेंचच्या द्वारे अठराव्या शतकात आले. ‘ओरिएंटेशन’ हे नाम एकोणिसाव्या शतकातले. चर्चची वेदी पूर्वेकडे असावी, हा मध्ययुगीन युरोपातील प्रघात होता. सुमारे १३०० मधील हिअरफर्डच्या जगाच्या नकाशातही पूर्व माथ्यावर आहे. या व्यवहारात पूर्वेला अभिमुख व्हायचे असते. तिचे वर्णन करणे हा हेतू नसतो.

अभिमुख होण्यासाठी काय लागते, याचा विचार कांटने १७८६ मधील एका निबंधात केला. सर्व तारकासमूहांची आकृती व परस्परस्थिती तीच राहून केवळ पूर्व-पश्चिमेची अदलाबदल झाली, तर नुसत्या दृष्टीला तो बदल कळणार नाही. कळेल तो उजव्या-डाव्याच्या शारीर जाणिवेमुळे, असे तो म्हणतो. तात्पर्य, दिशाज्ञानाला बाहेरची खूण आणि पाहणाऱ्याचे अधिष्ठान, या दोहोंची गरज असते.

संस्कृतातील दिशावाचक शब्दांतही हे अधिष्ठान शाबूत आहे. पूर्व म्हणजे समोरची, पश्चिम म्हणजे मागची, दक्षिण म्हणजे उजव्या हाताची. ‘दख्खन’ हे नाव ‘दक्षिण’ वरूनच आले. हा प्रदेश पूर्वाभिमुख माणसाच्या उजव्या हाताला येतो, तो माणूस त्याच्या उत्तरेस उभा असेल तेव्हाच. दख्खनवासीयांनी मात्र परक्या अधिष्ठानावरून पडलेले हे नाव आपले मानले.

मग दुसऱ्याच्या उभे राहण्यावरून नाव मिळणे हा अन्याय ठरतो काय? एडवर्ड सैद यांचा १९७८ मधील ‘ओरिएंटॅलिझम’ हा ग्रंथ या संदर्भात महत्त्वाचा आहे. युरोपच्या दृष्टीने जी सापेक्ष दिशा होती, ती तिथल्या माणसांचा अपरिवर्तनीय स्वभाव म्हणून मांडली गेली आणि या मांडणीला सत्तेचे पाठबळ मिळाले, हा त्यांचा मुख्य आक्षेप. अधिष्ठान असणे हा दोष नव्हे, कारण त्यावाचून दिशाच संभवत नाही. ते लपवून ज्ञानाला निरपेक्षतेचा दर्जा देणे, हा नैतिक दोष होय.

पुण्यात १९१७ मध्ये स्थापन झालेल्या भांडारकर संस्थेच्या इंग्रजी नावात ‘ओरिएंटल’ आहे, आणि मराठी नावात ‘प्राच्यविद्या’. पुण्याहून पाहता संस्कृत ग्रंथ कोणत्या अर्थाने ‘प्राच्य’? नाव उसन्या अधिष्ठानाचे, हे खरेच. तरीही १९६६ मध्ये पूर्ण झालेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत निर्णयाचा आधार होता तो देशभरातून जमवलेल्या हस्तलिखितांच्या पाठांचा. परक्या दिशेचे नाव धारण करूनही आपल्या जागी उभे राहता येते. मात्र प्रत्येक दिशावाचक शब्दाला ‘कोठून पाहता?’ हा प्रश्न विचारण्याची सवय सोडता येत नाही.