फळाची आस आणि फळाची काळजी

धातूला न कापता, न फोडता त्याच्या पोटात काय चालले आहे हे पाहणे, हे डॉ. बलदेव राज यांचे शास्त्र. क्ष-किरण, अल्ट्रासाउंड, एडी करंट ही त्यांची साधने. अणुभट्टीतल्या नळ्यांचे आणि वेल्डिंगचे दोष शोधण्यात त्यांची उमेदीची वर्षे गेली आणि २००४ ते २०११ या काळात ते कल्पाक्कमच्या इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्राचे संचालक होते. याच माणसाने दक्षिणेतल्या कांस्यमूर्तींचाही त्याच साधनांनी अभ्यास केला आणि सहकाऱ्यांसह त्यावर पुस्तक लिहिले. चोळकाळातल्या मूर्तिकाराने मेणाचा नमुना वितळवून ओतलेल्या धातूकडे ते ज्या आदराने पाहत, त्याच आदराने इंधनाच्या नळीकडेही पाहत असावेत. दोन्ही ठिकाणी घडवणारा निघून जातो आणि वस्तू मागे उरते.

प्रश्न इथेच सुरू होतो. मागे उरलेल्या वस्तूची जबाबदारी कोणाची?

मराठी घरांत याचे उत्तर तोंडपाठ असते: फळाची आशा न धरता काम करावे. १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’ने कर्मयोगाच्या बाजूने कौल दिला आणि सुशिक्षितांच्या पिढ्या त्यावर वाढल्या. पण गीतेच्या अठराव्या अध्यायात आणखी एक गोष्ट आहे, जी आपण सोयीने विसरतो. पुढे काय परिणाम होईल, किती हानी होईल, कोणाला इजा पोहोचेल, याचा विचार न करता मोहाने सुरू केलेल्या कर्माला गीता तामस म्हणते. म्हणजे फळाची आस सोडायची आहे, फळाची काळजी सोडायची नाही.

कल्पाक्कमच्या फास्ट ब्रीडर टेस्ट रिअ‍ॅक्टरची कहाणी या भेदाचे चांगले उदाहरण आहे. ही अणुभट्टी फ्रान्सच्या सहकार्याने आखली गेली होती. १९७४च्या पोखरण चाचणीनंतर समृद्ध युरेनियम मिळेनासे झाले, तेव्हा ट्रॉम्बेच्या शास्त्रज्ञांनी प्लुटोनियम आणि युरेनियमचे मिश्र कार्बाइड निवडले. त्यात प्लुटोनियम कार्बाइड सत्तर टक्के. अशा इंधनावर अख्खी भट्टी चालवल्याचा अनुभव जगात कोणाकडेच नव्हता. कार्बाइडची भुकटी हवा लागली की पेट घेते, म्हणून ती निष्क्रिय वायूने भरलेल्या ग्लोव्ह बॉक्समध्ये हाताळावी लागते. १८ ऑक्टोबर १९८५ रोजी भट्टी सुरू झाली.

इंधनातून किती ऊर्जा काढायची, याला बर्न-अप म्हणतात. सुरुवातीची मर्यादा होती टनामागे २५ गिगावॅट-दिवस. ती शेवटी १६५पर्यंत गेली, पण एका झेपेत नाही. २५, ५०, १०० अशा टप्प्यांवर इंधन बाहेर काढले गेले. जाड शिसेयुक्त काचेआड, यांत्रिक हातांनी त्याची तपासणी झाली. न्यूट्रॉनच्या माऱ्याने इंधनाच्या नळीच्या पोलादातले अणू जागचे हलतात, आत सूक्ष्म पोकळ्या होतात आणि नळी फुगते. ती किती फुगली, तिची ताकद किती उरली, हे मोजल्यावरच पुढची परवानगी. विक्रमाचीच आस असती, तर हे थांबणे जाचले असते. परिणामाची काळजी असलेले कर्म असे दिसते, असे या लेखकाला वाटते.

तरीही एक अडचण शिल्लक राहते आणि ती मोठी आहे. आपल्या कर्मसिद्धान्तात जो करतो तोच भोगतो, या जन्मी नाहीतर पुढच्या. वापरलेल्या इंधनात उरणाऱ्या प्लुटोनियम-२३९चे अर्धायुष्य सुमारे २४,१०० वर्षे आहे. वीज आपण वापरणार आणि उरलेले सांभाळणार दुसरेच कोणी. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण अशी तीन ऋणे परंपरेने सांगितली. ती सारी आधी येऊन गेलेल्यांची किंवा आपल्याहून वरच्यांची. न जन्मलेल्यांच्या ऋणाला वेगळे नाव कोणी दिले नाही, कारण इतक्या दूरवर पोहोचणारे कर्म माणसाच्या हाती कधी आलेच नव्हते.

ब्रीडर अणुभट्टीच्या बाजूने इथे एक प्रामाणिक युक्तिवाद आहे. प्लुटोनियम आणि त्याचे जड भाईबंद वेगळे काढून अशा भट्टीत पुन्हा इंधन म्हणून जाळले, तर मागे मुख्यतः सीझियम-१३७, स्ट्रॉन्शियम-९० यांसारखी द्रव्ये उरतात. त्यांचे अर्धायुष्य तीस वर्षांच्या आसपास असते. मग धोका काही शतकांचा उरतो, आणि माणूस एवढा काळ एखादी वस्तू जपू शकतो हे चोळांच्या मूर्तींनी दाखवले आहे. मात्र त्या मूर्ती जपल्या गेल्या, कारण त्यांच्याभोवती भक्ती होती. काचेत बंद केलेल्या किरणोत्सारी कचऱ्याभोवती कोण उभे राहणार?

बलदेव राज यांचे ६ जानेवारी २०१८ रोजी पुण्यात निधन झाले. एका शास्त्रज्ञाने नळीचा दोष शोधला, तिची मर्यादा ठरवली, की त्याच्या वाट्याचे काम पूर्ण होते. पण किरणोत्सारी कचरा खोल जमिनीत कायमचा ठेवण्याची जागा भारताने अजून निश्चित केलेली नाही. ती कुठे असावी, तिथल्या गावांना काय सांगावे आणि शतकानुशतके तिची राखण कोणी करावी, याची उघड चर्चा आज वीज वापरणाऱ्या पिढीने सुरू केली पाहिजे. हे काम शास्त्रज्ञांवर ढकलून चालणार नाही.