वाघ कोणी मारला?

मेलेल्या वाघाची लांबी मोजण्याच्या दोन रीती होत्या. एकीत वाघाला सरळ ताणून नाकाच्या आणि शेपटीच्या टोकाशी खुंट्या ठोकायच्या, वाघ बाजूला सारायचा आणि खुंट्यांमधले अंतर मोजायचे. दुसरीत टेप डोक्यावरून, पाठीच्या उंचवट्यावरून, अंगासरशी शेपटीपर्यंत न्यायचा. दुसऱ्या रीतीने तोच वाघ काही इंचांनी वाढायचा, आणि त्या इंचांवरून इंग्रज शिकाऱ्यांत वाद झडायचे. इंचाइंचाला एवढी काटेकोर असणारी ही मंडळी एका हिशेबात मात्र भलतीच ढिली होती. वाघ बंदुकीसमोर आणला कोणी, हे लिहून ठेवण्याची तसदी क्वचितच कोणी घेतली.

इंग्रज अधिकारी जेम्स फोरसाइथ १८६२ साली पचमढीच्या पठारावर पोचला. सातपुड्याच्या शिकारीवरचे त्याचे ‘द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ हे पुस्तक १८७१ मध्ये निघाले आणि त्यानंतर या डोंगरांकडे शिकाऱ्यांची रीघ लागली. पण खोल दऱ्या, बांबूची बेटे आणि सागाचे रान यांतून नवख्याला वाघ दिसणे अशक्यच. तो शोधायचे ते कोरकू आणि गोंड. उन्हाळ्यात पानगळ झालेली, पाणी मोजक्या डोहांत उरलेले. वाघ कोणत्या नाल्याने उतरतो हे त्यांना ठाऊक. संध्याकाळी त्या वाटेवर रेडकू बांधायचे. सकाळी ते मारलेले सापडले, की वाघ पोट भरून जवळच्याच सावलीत पडला असणार हे धरून चालायचे. मग मचाण बांधायचे आणि भर दुपारी गावच्या माणसांचा हाका काढायचा.

हाक्यातली खरी करामत ओरडण्यात नव्हती. दोन्ही कडांना झाडांवर माणसे बसवलेली असत. वाघ बाजूला वळू लागला, की त्यांनी खोडावर हलकेच टकटक करायची किंवा नुसते खाकरायचे. आवाज जास्त झाला तर वाघ उलटून हाकाऱ्यांवर जायचा; कमी झाला तर निसटायचा. हे जमले म्हणजे वाघ चालत मचाणाखाली येई, आणि साहेब गोळी झाडी. जखमी वाघ झुडपात शिरला, तर माग काढायला पुढे पुन्हा गावचाच माणूस. त्याच्या हाती बहुधा कुऱ्हाड. कातडे मात्र साहेबाच्या दिवाणखान्यात. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, ते याहून निराळे काय?

हीच विद्या त्या माणसाने स्वतःच्या पोटासाठी वापरली, तर तो गुन्हेगार ठरे. १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगलातल्या शिकारीवर सरकारी नियम बसले. परवाना आणि ठरावीक मुदतीचा शिकारीचा ब्लॉक ज्याला मिळे, तो ‘स्पोर्ट्समन’. फासे लावून सांबर धरणारा चोरटा. वाघ मारण्यासाठी सरकारी बक्षिसेही होती. १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत ८०,००० हून अधिक वाघ मारले गेले, असा इतिहासकार महेश रंगराजन यांचा अंदाज आहे. फाशातले सांबर आणि हा संहार एका तागडीत घालता येत नाही.

तेव्हा शिकार बंद झाली हे योग्यच झाले. १९७२ च्या गणनेत देशात १,८२७ वाघ भरले. त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा आला, आणि १९७३ साली सुरू झालेल्या व्याघ्र प्रकल्पाच्या पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाट होता. ही बंदी उठावी असे म्हणणाऱ्यांत मी नाही. माझी तक्रार एवढीच, की बंदूक गेली तरी मानपानाची उतरंड तशीच राहिली. वाघ मोजायचा कॅमेरा कोणत्या पायवाटेवर लावावा हे आजही कोरकू वनमजूरच सांगतो. अहवाल दुसऱ्याच्या नावाने निघतो, आणि गाव उठवायची वेळ आली की पहिली नोटीस त्याच्या दारात. अरण्यलेखक मारुती चितमपल्लींनी नवेगावबांधच्या माधवराव पाटलांसारख्या स्थानिक जाणकाराला नावानिशी साहित्यात आणले. आपल्याकडे ही रीत पडली नाही.

पाकिस्तानच्या डोंगरांत मारखोर या रानबकऱ्याच्या शिकारीचे मोजके परवाने मोठ्या रकमेला विकले जातात, आणि त्यातला ८० टक्के वाटा स्थानिक गावांना मिळतो. २०१५ मध्ये मारखोर ‘धोक्यात’च्या यादीतून ‘धोक्याच्या जवळ’ या वर्गात आला. तिथली बंदूक आपल्याला नको. पण जनावर जिवंत राहण्यात गावाचा रोकडा फायदा असेल, तर गाव त्याला राखते, हा धडा बंदुकीवाचूनही घेता येतो. पर्यटनाच्या उत्पन्नात ग्रामसभेचा ठरलेला वाटा हवा, आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने पुनर्वसनासाठी मागितलेली तिची संमती कागदापुरती उरू नये. ज्यांच्या माहितीवर शंभर वर्षे वाघ मारला गेला, त्यांच्याच माहितीवर तो आज वाचतो आहे. तेव्हा निर्णयाच्या टेबलापाशी त्यांना खुर्ची देणे ही मेहेरबानी ठरत नाही. ती थकलेली मजुरी आहे.