फळी बसण्यापूर्वी

दुसऱ्याच्या कामातला दोष आपल्या नजरेस पडला आणि त्याने आपले मत विचारलेले नाही, अशा वेळी बोलावे की गप्प बसावे? मनुस्मृतीतल्या प्रसिद्ध श्लोकाने अप्रिय सत्य न बोलण्याचा सल्ला दिला आहे आणि त्याच दमात प्रिय असत्यही वर्ज्य ठरवले आहे. म्हणजे उरते ते मौन. आमच्या घराघरांतून हे मौन सभ्यपणाचे लक्षण म्हणून पिढ्यान्‌पिढ्या शिकवले गेले. परंतु त्या मौनाची किंमत कोण भरतो, याचा हिशेब आम्ही क्वचितच मांडला. तो मांडावासा वाटला एका अगदी निरुपद्रवी छंदामुळे. हा छंद लाकडी जहाजांच्या प्रतिकृती बांधण्याचा.

दिवाणखान्यात ठेवण्यासाठी बाजारातून आणलेले शोभेचे गलबत येथे अभिप्रेत नाही. या छंदात जहाज बरेचसे खऱ्या जहाजाच्याच क्रमाने उभे राहते. आधी कणा, कण्यावर ठराविक अंतराने उभे केलेले आडवे छेद, त्यांवर चिकटवायच्या लाकडाच्या बारीक पट्ट्या, मग तूतक, डोलकाठ्या आणि सर्वांत शेवटी दोरांचे जाळे. १:४८ या प्रमाणात सहा फुटी खलाशी दीड इंचाचा होतो, यावरून बाकीच्या वस्तूंची कल्पना यावी. खरी परीक्षा मात्र दोरांत नसून पट्ट्यांत असते. जहाजाचे पोट मध्यावर फुगीर आणि नाळेपाशी चिंचोळे असल्यामुळे प्रत्येक पट्टी टोकाकडे निमुळती करावी लागते, भिजवून व ऊब देऊन वळवावी लागते. त्याही आधी छेदांच्या कडा अशा तिरप्या घासाव्या लागतात, की पट्टी प्रत्येक छेदावर पूर्ण टेकेल. हे घासकाम कमालीचे कंटाळवाणे, आणि पुढे ते कोणाच्याच दृष्टीस पडायचे नसते. त्यात घाई झाली तर पहिल्या चार-पाच पट्ट्यांपर्यंत काहीच कळत नाही. पंधराव्या पट्टीला मात्र पोटावरचा उंचवटा लपवता येत नाही.

हे शिकवतो कोण? नकाशे आणि सूचनापत्रक संचाबरोबर येते खरे, पण ते मितभाषी असते. ‘आता पट्ट्या बसवाव्यात’ एवढ्या एका वाक्यात महिन्याभराचे काम आटोपते. शिकवतो तो दुसरा छंदी माणूस. तो गुरू नव्हे, त्याला दक्षिणा द्यायची नाही, त्याच्या पायाशी बसायचे नाही. तो बँकेत कारकून असेल किंवा दातांचा डॉक्टर असेल; त्याचा अधिकार एवढाच, की त्याने तुमच्या आधी दोन जहाजे बांधली आहेत. दोरा मेणावरून ओढून घ्यावा म्हणजे त्याची लव बसते, ही युक्ती तो फुकट देतो, कारण त्यालाही ती फुकटच मिळालेली असते. आमच्या परंपरेने गुरूविषयी अपार लिहिले. बरोबरीच्या माणसाकडून शिकण्याविषयी मात्र तिने हात आखडता घेतला, असे आम्हांस वाटते. गुरूने चूक दाखवली तर ती कृपा ठरते. तीच शेजाऱ्याने दाखवली तर आगाऊपणा.

या मंडळींत जे जाणते असतात त्यांची एक रीत लक्षात घेण्याजोगी आहे. छेदांच्या कडा बरोबर घासल्या गेल्या नाहीत हे त्यांना दुरूनही दिसते. परंतु ‘चुकले आहे’ असे ते म्हणत नाहीत. ‘पट्टी धरून पाहिलीत का?’ एवढेच विचारतात. एक लवचीक पट्टी छेदांवरून आडवी धरायची. जेथे खालून उजेड दिसेल तेथे छेद उणा, जेथे पट्टी वर उचलली जाईल तेथे तो अधिक. निवाडा पट्टी देते. सांगणाऱ्याचा अहंकार आणि ऐकणाऱ्याचा अपमान दोन्ही टळतात. आणखी एक गोष्ट. हा प्रश्न ते पट्ट्या चिकटण्यापूर्वी विचारतात. उणा छेद त्या वेळी लाकडाचा कपटा चिकटवून अर्ध्या तासात भरून निघतो. सगळे पोट मढवून, रंगवून, काचेच्या पेटीत ठेवलेल्या जहाजापाशी उभे राहून ‘नाळेपाशी जरा फुगीर झाले आहे’ असे सांगणारे महाभागही असतात. त्यांचे निदान अचूक असते. ते सांगून कोणाचे काय साधले, हा प्रश्न त्यांना पडत नाही.

या छंदातील लोकांचे एक लाडके जहाज आहे, स्वीडनचे ‘वासा’. खरे जहाज काठीसकट ६९ मीटर लांबीचे. १:७५ प्रमाणात ते सुमारे ९२ सेंटिमीटरचे होते, म्हणजे टेबलावर मावण्याजोगे. १० ऑगस्ट १६२८ रोजी ते स्टॉकहोमच्या बंदरातून पहिल्यांदा निघाले आणि जेमतेम १,३०० मीटर जाऊन, वाऱ्याच्या झोताने कलून, तोफांच्या उघड्या खिडक्यांतून पाणी शिरल्यामुळे बुडाले. सुमारे तीस माणसे गेली. या कथेतला जो भाग आम्हांला अस्वस्थ करतो तो बुडण्याआधीचा आहे. निघण्यापूर्वी जहाजाची स्थिरता पाहण्यासाठी तीस माणसांना तुतकावर एका बाजूकडून दुसरीकडे धावायला लावले होते. तीन फेऱ्यांतच जहाज इतके डोलू लागले, की उपनौसेनापती फ्लेमिंग यांनी चाचणी थांबवली. जहाज डोके-जड आहे हे तिथे उभ्या असलेल्यांना दिसले होते. राजा गुस्ताव्ह अडॉल्फ युद्धासाठी दूर होता आणि जहाज लवकर हवे म्हणून तगादा लावीत होता. मुख्य बांधकाम्या आदल्या वर्षीच वारला होता. बोलायचे कोणाशी, आणि कोणी? पुढे चौकशी झाली. कोणीही दोषी ठरला नाही. ते मौन सभ्यपणाचे होते की भीतीचे, हे आज कोण सांगणार? पण त्या गर्दीत दोन्ही एकमेकांच्या आड लपू शकत होते, एवढे नक्की.

१९६१ मध्ये ‘वासा’ वर काढले गेले. त्यात सुतारांच्या चार मोजपट्ट्या मिळाल्या. दोन स्वीडिश फुटाच्या, बारा इंचांच्या, आणि दोन ॲमस्टरडॅमच्या, अकरा इंचांच्या. जहाजाच्या दोन्ही बाजू सारख्या नाहीत. गंमत अशी, की ‘वासा’ची प्रतिकृती करणाऱ्याने तेथला दोष ‘सुधारला’ तर तोच दोष ठरेल. समोरच्याच्या कामात वाकडे दिसते ते त्याने जाणून तसे ठेवले असेल, ही शक्यता बोलणाऱ्याने ध्यानात घ्यायला हवी. आजोबांनी नातवाच्या हट्टाखातर शिडे तांबडी केली, तर तेथे इतिहासाचा दाखला देणाऱ्याने खुशाल घरी जावे. पण उण्या छेदामागे कोणाचा हट्ट नसतो, आणि तेथे गप्प बसणे म्हणजे त्या माणसाचे महिन्याचे श्रम वाया जाताना शांतपणे पाहणे होय. आम्ही तरी त्याला सौजन्य म्हणू शकत नाही.

हे सारे आम्ही जहाजांपुरते लिहीत नाही, हे वाचकांच्या ध्यानात आले असेलच. महाराष्ट्राबाहेर चार-पाच पिढ्या काढलेल्या आमच्या कुटुंबांत असा एक प्रश्न रोजच्या जेवणाच्या पानावर येतो: मुलांच्या मराठीचा. नात एखादे वाक्य बोलते. लिंग चुकते, क्रियापद शेजारच्या भाषेचे असते. आमच्यापैकी कित्येकांनी ते लगेच सुधारले, चारचौघांत सुधारले, कधी हसून सुधारले. मुले त्यानंतर चुकली नाहीत, कारण त्यांनी मराठीत बोलणेच सोडले. दुसऱ्या काही घरांनी काहीच सांगितले नाही, आणि लग्नपत्रिका छापून आल्यावर मात्र ऱ्हस्व-दीर्घाचा पंचनामा केला. पत्रिकेचे मुद्रित तपासायला आले होते, तेव्हा हीच वडीलधारी मंडळी आहेराच्या याद्या करण्यात गुंतली होती.

नातीच्या वाक्यावर धरून पाहायला लवचीक पट्टी कोणती, हे आम्हांला नेमके सांगता येत नाही. तेच वाक्य आपल्या उत्तरात सहज, शुद्ध रूपात परत म्हणावे, असे एका आजींनी सुचवले. त्यांच्या घरची मुले अजून बोलतात. आता दुसरी बाजूही पाहायला हवी. आमच्या स्वतःच्या बोलण्यात गुजराती, हिंदी, कानडी वळणे केव्हाच मुरली आहेत, आणि पुण्याकडचे पाहुणे ती ऐकून एकमेकांकडे पाहतात. सांगत मात्र काहीच नाहीत.