होकायंत्र आणि सदसद्विवेक

चांदूर रेल्वेहून निघालेल्या प्रवाशाला दिशेची चिंता नसते. मुंबई-नागपूर मार्गाचे रूळ गाडीला वाट दाखवितात. समुद्रावर रूळ नसतात. म्हणूनच चिनी दर्यावर्दींनी चुंबकसूचीचा आधार घेतला. परंतु ही सूची नेमकी दक्षिण न दाखविता किंचित पूर्वेकडे झुकते, असे शेन कुओ या चिनी विद्वानाने १०८८ च्या सुमारासच लिहून ठेवले होते. होकायंत्रावर विसंबावे, मात्र त्याचा कल ओळखून.

सदसद्विवेकबुद्धीचे असेच नव्हे काय? तिचा आवाज पाळणे मनुष्यास बंधनकारक आहे. तथापि अज्ञानामुळे ती चुकू शकते आणि पापाच्या सवयीने हळूहळू आंधळी होते, अशी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेची १९६५ ची शिकवण आहे. भावाचा धुरा कोरणारा मनुष्यही ‘माझे मन मला खात नाही’ असे शांतपणे सांगतो. मनाची शांती हा निर्दोषत्वाचा पुरावा नव्हे.

मुंबईत विजेच्या ट्राम येणार, तेव्हा कुलाबा वेधशाळेचे चुंबकीय काम अलिबागला हलवावे लागले. तेथे १९०४ पासून नोंदी होऊ लागल्या. सूची निर्दोष होती. जवळचा विद्युतप्रवाह तिला विचलित करणार होता. लोभ हाही असाच जवळचा प्रवाह आहे. त्यापासून दूर जाण्यासाठी प्रार्थनेचा एकांत हवा. पण तेवढ्याने भागत नाही. आपल्या सूचीचा कल किती, हे धुऱ्यापलीकडे उभ्या असलेल्या भावालाही विचारावे लागते.