श्वानास प्रसाद द्यावा काय?

आमचे घराणे देवळातील पूजेचे. पहाटे निर्माल्य काढणे, चिंच लावून उपकरणी घासणे, आरतीची सिद्धता करणे आणि वाटणी झाल्यावर उरलासुरला प्रसाद जमा करणे ही कामे मुंज झाल्यापासून आमच्याकडे आहेत. दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून वसलेल्या या लष्कर भागात मराठी कुटुंबांच्या कित्येक पिढ्या गेल्या, पुष्कळ चालीरीती गळाल्या, पुष्कळ नव्या चिकटल्या. परंतु आमच्या देवळात दत्तजयंतीच्या दिवशी दाराबाहेरच्या कुत्र्यांस खाऊ घालण्याची चाल मात्र टिकून आहे. श्रीदत्तात्रेयांच्या चरणांपाशी चार श्वान असतात व त्यांस चार वेदांचे रूप मानतात, हे वाचकांस ठाऊक आहेच.

दोन वर्षांपूर्वीच्या मार्गशीर्ष पौर्णिमेस ही गोष्ट घडली. जन्मोत्सव झाला, सुंठवडा वाटून संपला, आणि पंचखाद्याची परात तळाशी थोडी उरली. खोबरे, खारीक, खसखस व खडीसाखर लोकांच्या हाती वरच्यावर गेली होती. जड बेदाणा तेवढा तळाशी बसला होता. देवळाच्या पायरीपाशी एक भुरकट कुत्री नित्य बसत असे. गल्लीतील मुले तिला भुरी म्हणत. आम्ही दोन ओंजळी भरून द्रोण तिच्यापुढे ठेवला आणि तिने तो चाटून पुसून स्वच्छ केला. त्या क्षणी आमच्या मनास जे समाधान वाटले ते आम्ही येथे लपवीत नाही. देवापुढचा नैवेद्य, तोही सुकामेवा, एका मुक्या जीवाच्या मुखी पडला. याहून शुद्ध दान ते कोणते, असे आम्हांस वाटले.

त्याच रात्री भुरीस वांत्या सुरू झाल्या. दुसऱ्या दिवशी ती पाण्याच्या टाकीपाशी पडून राहिली. पुढे तिचे मूत्र बंद झाले. तिसऱ्या दिवशी आम्ही तिला पोत्यावर घालून पशुवैद्यांकडे नेले. त्यांचा पहिला प्रश्न असा होता : "हिने द्राक्षे किंवा बेदाणा खाल्ला काय?" आम्ही होय म्हणालो. ते काही वेळ बोलले नाहीत. नंतर म्हणाले, की पहिल्या तासा-दोन तासांत आणली असती तर औषधाने ओकारी काढवली असती, शिरेतून सलाईन चालू ठेवून मूत्रपिंडे राखण्याचा यत्न केला असता. आता फार उशीर झाला आहे. पाचव्या दिवशी ती गेली. बेदाण्यानेच गेली हे शंभर टक्के सिद्ध करणारी कसोटी नाही, हेही त्या सज्जनांनी सांगितले. परंतु लक्षणे व काळ पाहता त्यांना दुसरे कारण दिसत नव्हते.

देवळात नित्य येणाऱ्या एका आजींना हे कळले तेव्हा त्यांनी आमच्या वडिलांस विचारले, "गुरुजी, प्रसादाने कोणी मरते का हो?" वडील गप्प राहिले. तो प्रश्न तेव्हापासून आमच्या मनात आहे व आजचा लेख त्याच्याच निमित्ताने लिहीत आहोत.

प्रथम वस्तुस्थिती. द्राक्षाने कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होतात हे वैद्यकास फार जुने ठाऊक नव्हते. गेल्या शतकाच्या अगदी अखेरीस अमेरिकेतील पशुविष-चिकित्सकांच्या ध्यानी हा प्रकार आला. कारण मात्र पुढे वीस वर्षे कोणास उमगले नाही. २०२१ मध्ये तेथीलच पशुवैद्यांनी असे मत मांडले, की द्राक्षातील टार्टारिक आम्ल हे त्याचे मूळ असावे. या मताचा एक धागा चिंचेत आहे. चिंच खाल्लेल्या कुत्र्यांतही तीच व्याधी आढळली, आणि चिंचेत तेच आम्ल विपुल असते. ज्या आंबटपणाने आम्ही देवाची पितळी समई लखलखीत करतो, तोच कुत्र्याच्या मूत्रपिंडास जाळतो. द्राक्ष वाळून बेदाणा झाला की पाणी उडते व आम्ल आटून राहते. म्हणून बेदाणा द्राक्षाहूनही घातक. एखादे कुत्रे मूठभर खाऊन धडधाकट राहते व दुसरे थोडक्याने मरते. त्यामुळे अमुक दाण्यांपर्यंत भय नाही अशी मर्यादा कोणी सांगू शकत नाही. "आमच्या मोत्याने तर नेहमी खाल्ले, त्याला काही झाले नाही," हे म्हणणे यास्तव निरुपयोगी आहे.

आता आजींच्या प्रश्नाकडे वळू. श्रद्धाळू माणूस म्हणेल, की देवास दाखवलेला नैवेद्य अमृत होतो. मीराबाईंपुढे विषाचा पेला आला व तो चरणामृत म्हणून त्यांनी घेतला, त्यांना काय झाले? आम्हीही पुष्कळ दिवस या युक्तिवादाचा आधार शोधीत होतो, कारण त्याने आमची सुटका होत होती. परंतु विचार करता असे दिसले, की मीराबाईंनी पेला स्वतःच्या ओठांस लावला होता. श्रीशंकरांनी हलाहल स्वतःच्या कंठात धरले. श्रद्धेची कसोटी ज्याने घेतली त्याने ती आपल्या देहावर घेतली. आम्ही मात्र आमच्या श्रद्धेची कसोटी भुरीच्या देहावर घेतली, आणि तिला कोणी काही विचारले नव्हते. विचारता येतही नव्हते. दुसऱ्याच्या प्राणावर ठेवलेल्या विश्वासास भक्ती हे नाव द्यावयास आमचे मन धजत नाही.

गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचा विचार देश, काल व पात्र असा तिपेडी केला आहे. पात्र म्हणजे योग्य, लायक असा अर्थ आपण घेतो, आणि मग चर्चा चालते ती घेणाऱ्याच्या योग्यतेची : हा ब्राह्मण विद्वान आहे काय, हा भिकारी खरा आहे काय. परंतु पात्र म्हणजे भांडे हा अर्थ आपण घरात रोज वापरतो. पितळेच्या भांड्याची कल्हई गेली असता त्यात ताक ठेवले तर ते कळकते. ताक वाईट नसते, पितळही वाईट नसते. एकत्र आल्याने दोहोंचा नाश होतो. घरातील कोणतीही जाणती बाई भांडे पाहिल्यावाचून ताक ओतीत नाही. दान देतानाही घेणाऱ्याच्या योग्यतेआधी त्याच्या देहाची धाटणी पाहावी, असा अर्थ यातून काढल्यास तो चुकीचा होईल असे आम्हांस वाटत नाही. नामदेवांची कथा सर्वांस माहीत आहे : कुत्र्याने भाकरी पळवली तेव्हा ते तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले. त्यांच्या डोळ्यांपुढे कोरडी भाकरी गिळणारा त्या जीवाचा घसा होता. आमच्या डोळ्यांपुढे आमची परात होती, ती रिकामी व्हावी एवढेच.

मग फळे-भाज्या कुत्र्यास द्याव्याच नयेत काय? तसे नाही. पशुवैद्यांनी आम्हांस पुष्कळ गोष्टी समजावून सांगितल्या, त्या येथे देतो, कारण हल्ली उपवासाची फळे व बाजारातील उरलेली भाजी गल्लीतील कुत्र्यांपुढे टाकण्याची आवड वाढलेली दिसते.

मूळ गोष्ट ही, की कुत्रा गायीसारखा रवंथ करीत नाही व आपल्यासारखा दाढांनी घासून चावीतही नाही. तो तुकडा तोडतो आणि गिळतो. कच्च्या भाजीच्या पेशींचे कवच त्याच्या पोटात फुटत नाही, म्हणून अखंड दिलेले गाजर बहुधा तसेच बाहेर पडते. गाजर किसून अथवा किंचित वाफवून द्यावे, भोपळा शिजवून द्यावा, मीठ-मसाला नसावा. काकडी सोलून बारीक चिरून चालते. उन्हाळ्यात येणारे कलिंगड, ज्याला आम्ही ग्वाल्हेरकर सर्रास तरबूजच म्हणतो, ते साल व बिया काढून थोडेसे दिल्यास हरकत नाही. सफरचंदाचा मधला भाग व बिया काढाव्यात. केळे, पपई, पेरू यांच्या चार फोडी पुरेत. साखर त्यांसही बाधते. सर्व मिळून दिवसाच्या अन्नातील उष्मांकांच्या दशांशाहून हे अधिक होऊ नये.

आंब्याची कोय, बोराची आठळी आणि दाणे खाऊन फेकलेला भुट्ट्याचा दांडा यांनी आतडे अडते व पोट फाडण्याची पाळी येते. पावसाळ्यात सडकेवर भुट्टे खाणाऱ्या मंडळींनी एवढे ध्यानात धरावे. हिरवा पडलेला बटाटा व कच्चा हिरवा टोमॅटो वर्ज्य. कांदा व लसूण यांनी कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात व त्यास पंडुरोग होतो. शिजवल्याने हा दोष जात नाही. देवळाच्या नैवेद्यात कांदा-लसूण नसतो याचा आम्हांस येथे अनायासे लाभ होतो. परंतु घरच्या पंक्तीतील उरलेली भाजी बाहेर नेऊन घालणाऱ्यांस तो होत नाही.

आणखी एक गोष्ट ऐकून आम्ही चकित झालो. मनुष्यास क जीवनसत्त्वासाठी फळ लागते. कुत्र्याचे यकृत ते आपोआप तयार करते. म्हणजे फळावाचून त्याचे काही अडत नाही. आपण फळ देतो त्यात भूक बव्हंशी आपलीच भागते. याउलट २०१३ मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी दाखवून दिले, की धान्यातील पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती कुत्र्यात लांडग्यापेक्षा कितीतरी पट अधिक असतात. हजारो वर्षे मनुष्याच्या उंबऱ्याशी राहून, त्याचे उरलेले धान्य खाऊन हा प्राणी देहानेच बदलला. वैश्वदेवानंतरच्या बलिहरणात श्वानाचा भाग काढण्यास जे सांगितले आहे तो भाग शिजलेल्या अन्नाचा आहे, आणि मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात तो जमिनीवर हळुवार ठेवण्यास सांगितले आहे. फेकण्यास सांगितलेले नाही, हे आम्ही मुद्दाम नोंदवतो.

सध्या देशात वाद चालतो तो कुत्र्यांस खाऊ घालावे की नाही यावर. २२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वाटेल त्या रस्त्यावर खाऊ न घालता त्यासाठी ठरवून दिलेल्या जागीच घालावे असा आदेश दिला, तेव्हा आमच्या देवळातही दोन तट पडले. कोठे घालावे याची चर्चा तास-दीड तास झाली. काय घालावे हा विषय कोणी काढला नाही. आम्ही कोपऱ्यात बसून होतो. आम्ही तरी तो काढावयास हवा होता, पण भुरीचे नाव तोंडातून निघेना.

राहता राहिला दोषाचा प्रश्न. आम्ही तो एके रात्री वडिलांपुढे मांडला. आम्ही अजाणता केले, हेतू चांगला होता, मग आमच्याकडे पाप येते काय? वडील म्हणाले, "संकल्पात आपण ज्ञात-अज्ञात दोन्ही दोषांची क्षमा मागतो. अज्ञाताची क्षमा मागावी लागते, याचा अर्थ तोही दोष धरला आहे." मग थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "खाण्यापूर्वी तिने काय केले?" आम्हांस आठवले, तिने द्रोण हुंगला होता आणि आमच्याकडे पाहिले होते. आम्ही "खा, खा" म्हणालो होतो. वडिलांनी यावर काही भाष्य केले नाही, व आम्हीही पुढे विचारले नाही. मात्र तेव्हापासून आम्हांस असे वाटते, की अजाणतेपणाची सबब एकदाच सांगता येते. आणि ज्याने ती सांगितली त्याच्यावर इतरांस जाणते करण्याचे ऋण राहते. हा लेख त्याच खात्यात लिहावा.

गेल्या दत्तजयंतीस आम्ही पंचखाद्याची उरलेली परात घरोघरी पुड्या बांधून पोचती केली व कुत्र्यांसाठी वेगळे ताट मांडले : किसलेले गाजर, उकडलेला भोपळा, सोललेल्या काकडीचे तुकडे आणि चार साध्या पोळ्या. "देवाचा प्रसाद वगळून हे काय?" असे दोघा-तिघांनी विचारलेच. आजी मात्र काही न बोलता ताटाशी येऊन बसल्या. पायरीवर आता एक तांबडा कुत्रा असतो. त्याने गाजर हुंगले, काकडीचा एक तुकडा तोंडात धरून खाली टाकला आणि आमच्याकडे पाहिले. या खेपेस आम्ही "खा" म्हणालो नाही. आजींनी पोळी मोडून त्याच्यापुढे हळूच ठेवली, ती त्याने खाल्ली.