गोधडीचा कर्ता कोण?

जुनी लुगडी देऊन गोधडी शिवून घेणारी स्त्री आणि ती शिवून देणारी स्त्री, या दोघींपैकी गोधडीची कर्ती कोणती, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटला, तरी आपल्या दर्शनकारांनी शतकानुशतके ज्यावर वाद घातला त्याच प्रश्नाचे ते घरगुती रूप आहे. आणि पांढुर्णा-सौंसरसारख्या कापसाच्या मुलखात राहणाऱ्याने तर तो टाळू नये, असे मला मनापासून वाटते.

हा मुलूख दोन भाषांचा. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर आणि वऱ्हाड मुंबई राज्यात गेले, या दोन तहसिली मध्य प्रदेशात राहिल्या, आणि २०२३ साली छिंदवाड्यातून निघून त्यांचा पांढुर्णा हा निराळा जिल्हा झाला; त्यामुळे दप्तर हिंदीत चालते आणि घर मराठीत. सातपुड्याच्या पायथ्याची थंडी मात्र दोन्ही भाषांत सारखीच लागते, आणि दिवाळी सरली की घराघरांतून लुगड्यांची गाठोडी शिवणाऱ्या मावशीकडे जाऊ लागतात. नुसत्या लुगड्यांच्या घड्या एकावर एक घालून धावदोऱ्याने शिवलेली गोधडी असेल, तर बोलण्यासारखे फारसे उरत नाही. परंतु मध्ये रुई भरायची ठरली, म्हणजे खरी मसलत सुरू होते.

रुई कोणती, हा पहिला मुद्दा. देशी कापसाचा तंतू आखूड, जाडाभरडा आणि उसळी घेणारा. सुतासाठी त्याला कमी भाव, पण अंथरूण-पांघरुणासाठी तोच उत्तम, कारण तो दबला तरी पुन्हा फुलतो. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाल्यानंतर शिवारे लांब धाग्याच्या वाणांनी भरून गेली, आणि देशी रुई मागून घ्यावी लागते अशी स्थिती झाली. बाजारात चिंध्या पिंजून केलेली रुईही मिळते; ती स्वस्त असते, आणि एकदा खोळीत शिरली की चांगल्या रुईपासून ओळखता येत नाही. पिंजाऱ्याच्या खांद्यावरच्या धनुष्याची जागा आता यंत्राने घेतली, तरी त्याच्या कामातला धर्म बदललेला नाही: गाठ सोडवायची, कचरा झाडायचा, आणि जे कुणी पाहणार नाही ते निर्मळ करून द्यायचे. संत दादू दयाळ परंपरेने याच व्यवसायातले मानले जातात, याचे मला नवल वाटत नाही.

दुसरा मुद्दा दोऱ्याचा, आणि तेथे गिऱ्हाईक बहुधा चुकते. दोरा जितका बळकट तितकी गोधडी टिकाऊ, अशा समजुतीने ते कृत्रिम धाग्याचे रीळ घेऊन येते. या भागातल्या एका वयस्क शिवणारीने मला जे सांगितले ते मी विसरलो नाही: “भाऊ, दोरा कापडाहून जब्बर घेतला तं दोरा टिकते अन् कापड कापल्या जाते. दोरा तुटला तं मी पुन्हा टाका घालून देईन, कापड फाटलं तं काय करू?” टाके दूरदूर घातले तर धुताना रुई सरकून गोळे होतात, म्हणून ओळी जवळ हव्यात, आणि ओळी जवळ आल्या की कठीण दोऱ्याचा जाच कापडाला अधिकच होतो.

बृहदारण्यकात उद्दालक आरुणी याज्ञवल्क्याला विचारतो, की हा लोक, परलोक आणि सर्व भूते ज्यात गुंफली आहेत ते सूत्र कोणते. आणि याज्ञवल्क्य उत्तर देतो, वायू. लोखंड नव्हे, पाषाण नव्हे, तर जे मुठीतही धरता येत नाही ते. तो वायू निघून गेला की मृताची गात्रे शिथिल होतात, असे तो पुढे सांगतो. सर्वांना धरून ठेवणारे तत्त्व धरलेल्यांपैकी कुणालाही काचत नाही, हा त्या उत्तराचा मला लागलेला अर्थ. आणि तो मला त्या शिवणारीच्या बोलण्याने लागला, भाष्यांनी नव्हे.

आता कर्तृत्वाकडे वळू. तंतू आणि पट यांचा दृष्टान्त घेऊन नैयायिक म्हणतात, पट हा तंतूंहून वेगळा, नवा अवयवी होय. सांख्य आणि वेदान्ती म्हणतात, कार्य कारणात आधीपासूनच असते, आणि शंकराचार्य त्यासाठी गुंडाळलेल्या व पसरलेल्या वस्त्राचे उदाहरण देतात. ब्रह्म आणि जगत् यांविषयी आचार्यांचा निर्णय शिरोधार्य मानूनही गोधडीपुरता मी नैयायिकांच्या बाजूचा आहे. लुगड्यात ऊब नव्हती, दोऱ्यात नव्हती, नुसत्या रुईच्या ढिगातही नव्हती. तंतूंच्या मध्ये निश्चल कोंडलेल्या हवेने ती आली, आणि ती हवा तेथे राहील अशी योजना शिवणाऱ्या हाताने केली. लुगड्यांवरचा मालकी हक्क निर्विवाद आहे. परंतु मालकी म्हणजे कर्तृत्व नव्हे. गीतेचा अठरावा अध्याय कर्माची पाच कारणे मोजतो, त्यांत कर्ता हे केवळ एक कारण, आणि स्वतःलाच एकटा कर्ता समजणाऱ्याची बुद्धी असंस्कृत, असा स्पष्ट निवाडाही देतो.

अमेरिकेत आज वरचा तुकड्यांचा थर एक स्त्री जोडते आणि लांब बाहूच्या यंत्रावर तिन्ही थर शिवण्यासाठी दुसरीकडे सोपवते; तेथेही मधल्या थराची जाडी आणि धाग्याची जात यांवर दोघींची अशीच मसलत चालते, आणि पाठीमागच्या चिठ्ठीवर जोडणारी व शिवणारी अशी दोन नावे घालण्याची रीत आहे. ती रीत न्याय्य आहे. माझ्या मते रंग आणि कापड यांत गिऱ्हाइकाचा शब्द अखेरचा असावा, रुई आणि दोरा यांत शिवणारीचा. कारण जे झाकले जाणार त्याची जबाबदारी तीच घेऊ शकते. पुढच्या हिवाळ्यात गाठोडे घेऊन जाल, तेव्हा नक्षीआधी रुईविषयी विचारा, चांगल्या रुईचे दाम कुरकुर न करता द्या, आणि एका कोपऱ्यात तिला आपले नाव टाचू द्या.