गल्याथाची भूमिका

मुलांचे प्रश्न साधे असतात, म्हणूनच त्यांची उत्तरे आपण घाईने देतो. आम्हीही असेच एक उत्तर सुमारे तीस वर्षांपूर्वी दिले होते. ते चुकीचे होते, हे समजायला फार काळ लागला.

आमची गुरुदीक्षा नुकतीच झाली होती. केबल टीव्ही घरोघरी पोहोचला होता आणि रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांच्या खिशांत प्रार्थनापुस्तिकेशेजारी अमेरिकन मल्लांच्या पत्त्यांचा जोड असे. पत्त्यावर मल्लाचे छायाचित्र आणि खाली उंची, वजन, छाती, दंड यांचे आकडे. एकाने ‘वजन’ म्हणायचे, दोघांनी आकडे ताडून पाहायचे आणि ज्याचा आकडा मोठा त्याने दुसऱ्याचा पत्ता घ्यायचा, असा तो खेळ. एके रविवारी आम्ही तो जोड जप्त केला. तेव्हा एका मुलाने विचारले, “फादर, ती मारामारी खरी असते की खोटी?” आम्ही म्हणालो, “सगळी खोटी. नुरा कुस्ती आहे ती.” वर्ग हसला आणि आम्ही धड्याकडे वळलो.

पुढे आंद्रे रूसिमोफ या मल्लाची जीवनकहाणी आमच्या वाचनात आली. जगाने त्याला ‘आंद्रे द जायंट’, म्हणजे महाकाय आंद्रे, या नावाने ओळखले. ती कहाणी वाचली आणि आपण त्या मुलाला काय सांगून बसलो, याची रुखरुख लागली.

आंद्रेचा जन्म १९ मे १९४६ रोजी फ्रान्समधील कुलोमिए येथे झाला. वडील मूळचे बल्गेरियाचे, आई पोलंडची. पॅरिसच्या पूर्वेस एका लहानशा खेड्यात हे कष्टाळू कुटुंब राहत असे. मुलाने शाळा लवकर सोडली आणि तो शेतावर राबू लागला. त्याची वाढ मात्र थांबेना. ऐन तारुण्यात तो पॅरिसला गेला आणि सामान वाहण्याची कामे करता करता कुस्तीचा धंदा शिकला. १९७० साली तो जपानमध्ये खेळला, तेव्हा त्याला ‘मॉन्स्टर रूसिमोफ’, म्हणजे राक्षस रूसिमोफ, असे नाव मिळाले होते. त्याच्या या अफाट वाढीमागे आजार आहे, हे त्याला तेथील डॉक्टरांकडून कळले, असे सांगतात.

हा आजार समजून घेतला पाहिजे. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूष ग्रंथी असते. तिच्यावर गाठ झाली की शरीराची वाढ करणारा स्राव प्रमाणाबाहेर पाझरू लागतो. हाडांची वाढ पूर्ण होण्याआधी हे घडले तर माणूस उंच होतच जातो. हाडे मिटल्यानंतरही स्राव थांबला नाही, तर हात, पाय, जबडा आणि कपाळ रुंदावत जातात, सांधे झिजतात आणि हृदयही अवाजवी वाढून थकते. म्हणजे ज्या देहाची तिकिटे विकली जात होती, त्याला मोठे करणारा आणि आतून पोखरणारा आजार एकच होता. उपचार सुचवले गेले तेव्हा आंद्रेने ते नाकारले, असे त्याच्या जवळच्या मंडळींनी नमूद केले आहे.

१९७३ साली न्यूयॉर्कचे कुस्ती-प्रवर्तक थोरले व्हिन्सेंट मॅकमेहन यांनी त्याला हाताशी धरले. आश्चर्य रोज पाहिले की त्याचे आश्चर्य उरत नाही, हे या व्यवहारचतुर गृहस्थांनी ओळखले होते. म्हणून आंद्रेला एका गावी फार दिवस ठेवायचे नाही, आज येथे तर उद्या तेथे पाठवायचे, असा क्रम सुरू झाला. अमेरिका, कॅनडा, जपान असा वर्षानुवर्षे अखंड प्रवास घडला. उंची ७ फूट ४ इंच आणि वजन ५२० पौंड असे जाहिरातीत छापले जाई. प्रत्यक्ष उंची त्याहून कमी होती, असे अनेकांचे मत आहे. परंतु माणसाला जेव्हा आकडा म्हणून विकायचे असते, तेव्हा आकडा वाढतच जातो. विमानाची आसने, हॉटेलांचे पलंग, स्नानगृहे, मोटारी यांतले काहीही त्याच्या मापाचे नव्हते. रस्त्यावर लोक थांबून पाहत. दुसरा कोणताही नट वेष उतरवून गर्दीत मिसळू शकतो. आंद्रेला ती सोय नव्हती, कारण त्याचा वेष म्हणजे त्याचे हाडमांस होते.

येथे कोणी सुज्ञ वाचक म्हणेल, “फादर, यात अन्याय तो कोणता? त्याने हा व्यवसाय स्वखुशीने पत्करला. पैसा आणि कीर्ती मिळवली. शेतावर राबणारा मुलगा जग फिरला. त्याची कीव करणारे आपण कोण?” हा आक्षेप हलका नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या महाग्रंथात नटांच्या व्यवसायाचा विचार केला आहे. खेळ आणि करमणूक ही मानवी जीवनाची गरज आहे, म्हणून लोकांचे मन रिझवण्याचा धंदा मुळात पापमय नाही, असा त्यांचा निर्वाळा आहे. आंद्रेने पत्करलेल्या धंद्याला आम्ही दोष देत नाही. ज्याला देवाने, की आजाराने, असा देह दिला, त्याने त्यावर सन्मानाने पोट भरले तर त्यात लाज कसली? त्याचे मित्र त्याच्या औदार्याच्या आणि विनोदाच्या आठवणी आजही सांगतात. तो नुसता बळी होता असे म्हणणे, हाही त्याचा अपमानच ठरेल.

तथापि त्याच्या संमतीने एकच प्रश्न सुटतो, तो त्याचा. आमचा प्रश्न सुटत नाही. पाहणाऱ्याचे कर्तव्य काय, हे त्याच्या संमतीवरून ठरत नाही.

१९८७ सालच्या घटना या दृष्टीने पाहण्यासारख्या आहेत. तोपर्यंत आंद्रे हा लोकांचा लाडका, सौम्य महाकाय होता. त्या वर्षी त्याला खलनायक करण्यात आले. टीव्हीवरील एका प्रसंगात त्याने नायक हल्क होगनच्या अंगावरचा सदरा आणि गळ्यातला क्रूस ओरबाडून काढला. तो अर्थात रचलेला प्रसंग होता. क्रूसही तेथे नाटकातील वस्तू झाला. २९ मार्च १९८७ रोजी पाँटियाक येथील प्रचंड क्रीडागृहात दोघांची लढत झाली. प्रेक्षकांची संख्या ९३,१७३ असल्याची घोषणा झाली, आणि या आकड्यावरही पुढे शंका घेतल्या गेल्या. आंद्रे पंधरा वर्षे अजिंक्य आहे, असे लोकांना सांगितले गेले. वस्तुतः तो मेक्सिकोत आणि जपानमध्ये त्यापूर्वी हरला होता. होगनने त्याला उचलून आपटले, त्याला आस्मान दाखवले आणि छप्पर उडेल असा जयघोष झाला.

आकडा खोटा, अजिंक्यपद खोटे, वैर खोटे आणि निकाल आधीच ठरलेला. येथवर आमचे ‘सगळी खोटी’ हे उत्तर बरोबर वाटते. या व्यवसायातील कंपनीनेच १९८९ साली न्यू जर्सीच्या विधिमंडळापुढे ही करमणूक असल्याचे कबूल केले. त्याच्याही कितीतरी आधी, १९५७ साली, रोलाँ बार्थ या फ्रेंच विचारवंताने पॅरिसच्या कुस्त्यांवर लिहिताना दाखवून दिले होते की, हा खेळ नसून देखावा आहे आणि लढत ठरलेली आहे की नाही याची प्रेक्षकांना फिकीरही नसते.

मग खरे काय होते? आंद्रेची पाठ खरी होती. त्या सुमारास त्याच्या कण्यावर शस्त्रक्रिया झाली होती आणि त्या रात्री मल्लवेषाच्या आत त्याने पाठीला आधार देणारा पट्टा बांधला होता. त्याच वर्षी प्रदर्शित झालेल्या ‘द प्रिन्सेस ब्राइड’ या चित्रपटात त्याने प्रेमळ महाकायाची भूमिका केली. नायिकेला झेलण्याच्या प्रसंगी एका सडपातळ तरुणीचा भारही त्या पाठीला पेलवेना, म्हणून तिला तारांनी तोलून धरावे लागले. असा माणूस हजारोंसमोर दुसऱ्याला स्वतःस उचलू देतो आणि आपटू देतो. अशा लढतीत उचलला जाणारा साथ देतो, तेव्हाच उचलणाऱ्याला उचलता येते. होगनचा तो विजय आंद्रेने त्याला दिलेला होता. आम्ही ज्याला खोटे म्हणालो, त्याच्या आत एक खरे दान होते आणि त्याची किंमत खऱ्या वेदनेने मोजली जात होती.

त्यानंतर तरी त्याला विश्रांती मिळावी? १९९० पर्यंत तो अमेरिकेच्या रिंगणात उतरत राहिला. नीट चालणेही कठीण झाल्यावर तो दोरांच्या आधाराने उभा राही. पुढे कुबड्या आल्या, तरी १९९२ च्या डिसेंबरात तो जपानमध्ये खेळत होता. १९९३ च्या जानेवारीत वडिलांच्या अंत्यविधीसाठी तो फ्रान्सला गेला आणि महिनाअखेर पॅरिसच्या एका हॉटेलात झोपेतच त्याचे हृदय थांबले. वय अवघे ४६. त्याच्या इच्छेनुसार त्याची रक्षा उत्तर कॅरोलायनातील त्याच्या शेतावर विखुरण्यात आली. त्याच वर्षी कंपनीने कीर्तिवंतांचे दालन उघडले आणि त्यात पहिले नाव त्याचे घातले.

आता प्रेक्षकांकडे वळू या. संत ऑगस्टीन यांनी ‘कन्फेशन्स’मध्ये आपला मित्र अलिपियस याची हकिकत सांगितली आहे. रोममध्ये मित्रांनी त्याला ओढून रंगभूमीवरच्या प्राणघातक झुंजी पाहायला नेले. ‘देह नेलात तरी मन नेता येणार नाही’ अशा निश्चयाने तो डोळे मिटून बसला. मात्र कान उघडे राहिले. गर्दीची आरोळी उठली, त्याने डोळे उघडले, आणि ज्याचा त्याला तिटकारा होता त्याच दृश्याने त्याला झिंग आली. ऑगस्टीन यांच्या मते तेथे खरी जखम झाली ती पाहणाऱ्याच्या आत्म्याला. बायबलमधील शास्त्यांच्या पुस्तकातही असेच एक दृश्य आहे. आंधळ्या शमशोनाला पलिष्टी लोक मंदिरात करमणुकीसाठी आणून उभे करतात. हजारो डोळे त्याच्यावर खिळलेले असतात आणि त्याला माणूस म्हणून पाहणारा एकही नसतो.

आश्चर्याने पाहणे पाप नाही. उंच ताड पाहून, समुद्र पाहून आपण थक्क होतो, तसे असामान्य देह पाहूनही होतो. दोष तेथे सुरू होतो, जेथे माणसाचा देह हाच आपल्याला पूर्ण माणूस वाटू लागतो. मग त्याच्या दुखण्याची चौकशी करावी असे सुचत नाही, कारण आकड्याला दुखणे नसते. आपल्या देशातील दलिपसिंग राणा, म्हणजे ‘ग्रेट खली’, हिमाचल प्रदेशातील गरीब घरातून याच वाटेने जगज्जेता झाला. त्याच्याही पीयूष ग्रंथीवर गाठ होती. २०१२ साली ती शस्त्रक्रियेने काढण्यात आली. आपण त्याच्या उंचीच्या गप्पा पुष्कळ केल्या, या गाठीची आठवण किती जणांना आहे?

हे सारे लिहिताना आम्ही दुसऱ्यांकडे बोट दाखवत नाही. पूर्वी एका धर्मग्रामात असताना फेस्तानिमित्त आम्ही दरवर्षी ‘दावीद आणि गल्याथ’ ही नाटिका बसवत असू. गावात एक विलक्षण उंच तरुण होता. गल्याथाची भूमिका त्याची ठरलेलीच. धोंडा लागताच तो धाडकन पडे आणि मंडपभर शिट्ट्या उठत. एका वर्षी तालमीआधी तो आमच्याकडे येऊन म्हणाला, “फादर, यंदा मला दुसरं काहीतरी द्या. दावीदचा भाऊ द्या, नाहीतर पडदा ओढायला द्या.” आम्ही हसून म्हणालो, “अरे, तुझ्याशिवाय गल्याथ कोण होणार?” तोही हसला. त्या वर्षीही तो पडला आणि शिट्ट्या मिळाल्या. पुढच्या वर्षी तो तालमीला आला नाही आणि नंतर कधीच आला नाही. त्याचे गुडघे दुखत असत आणि पडल्यावर दोन-दोन दिवस त्याला मांडी घालून बसता येत नसे, हे आम्हाला बऱ्याच दिवसांनी त्याच्या आईकडून समजले.

त्याने काय मागितले होते? तो आमच्याकडून कीव मागत नव्हता, आणि त्याला रंगमंचही सोडायचा नव्हता. एका वर्षापुरती दुसरी भूमिका, एवढेच. आम्ही त्याच्याकडे पाहिले आणि आम्हाला फक्त त्याची उंची दिसली.

वर्गातल्या त्या मुलाचे आता केस पिकू लागले असतील. तो पुन्हा भेटला आणि त्याने तोच प्रश्न केला, तर आम्ही त्याला सांगू की बाळा, पडणे ठरलेले असते, पण लागते ते खरेच. म्हणून टाळ्या वाजवून झाल्यावर लगेच घरी जाऊ नये. थोडे थांबावे, आणि जो आपल्यासाठी पडला त्याला विचारावे, “फार लागलं का रे?”